पन्हाळा ते विशाळगड : एका वाटेचे वाचन

आषाढात मराठी माणूस दोन वाटांनी चालतो. एक वाट पंढरीची. तिला शतकांची परंपरा आहे, तिचे मुक्काम ठरलेले आहेत आणि तिच्यावर आपल्या साहित्यातील मोठा भाग उभा आहे. दुसरी वाट आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातील, पन्हाळगडापासून पावनखिंडीमार्गे विशाळगडापर्यंतची. आषाढी एकादशीनंतर चौथ्या दिवशी जी पौर्णिमा येते, त्या पौर्णिमेच्या रात्री १६६० साली शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले आणि या डोंगरवाटेने खेळणा ऊर्फ विशाळगडाकडे गेले. आज दरवर्षी जुलै महिन्यात अनेक संस्थांच्या पुढाकाराने हजारो माणसे या वाटेने चालतात. त्यांत विद्यार्थी असतात, नोकरदार असतात, कुटुंबेच्या कुटुंबे असतात.

या पदभ्रमंतीवर वृत्तपत्रांतून बरेच लिहिले जाते. परंतु त्या लेखनाचा सूर बहुधा स्फूर्तीचा किंवा निसर्गवर्णनाचा असतो. प्रस्तुत लेखात एक वेगळा मुद्दा मांडायचा आहे. अशा अनेक दिवसांच्या चालीचे नियोजन, म्हणजे मुक्काम कुठे, पाणी कुठे, ओढा कुठे ओलांडायचा, वाट कोणाला विचारायची हे ठरवणे, ही वरवर पाहता व्यवहाराची बाब आहे. प्रत्यक्षात ती साधनचिकित्सेचीच एक पद्धत आहे. कथनाने जे प्रश्न गाळलेले असतात, नेमके तेच प्रश्न नियोजन करणाऱ्याला विचारावे लागतात. साहित्याच्या अभ्यासकाला याचे महत्त्व अधिक आहे, कारण या वाटेविषयी आपल्याला जे 'माहीत' आहे, त्यातील बराचसा भाग आपण पोवाड्यातून, कादंबरीतून आणि चित्रपटातून घेतलेला आहे.

चालण्यातून शोध घेण्याची ही पद्धत मराठीला नवी नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते एका जागी बसून नव्हे. चक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या, त्यांच्यापर्यंत पोहोचून त्यांनी त्या गोळा केल्या. त्याच परंपरेतील 'स्थानपोथी' हा ग्रंथ तर या दृष्टीने विलक्षण आहे. चक्रधर जिथे जिथे राहिले, बसले, जेवले, त्या स्थानांची ती नोंदवही आहे. देऊळ कोणत्या दिशेला आहे, त्याचे दार कुठल्या बाजूस उघडते, गावापासून स्थान कोणत्या अंगाला आहे, अशा तपशिलांनी ती भरलेली आहे. मराठीतील ही आद्य वाटाडी पोथी म्हणायला हरकत नाही. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी तिची शिस्त उरतेच. आठवण खरी मानायची तर तिला जागा दाखवता आली पाहिजे, अशी ती शिस्त आहे.

वारीने याच्या पुढची पायरी गाठली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप दिले. घोडे आणि तंबू अंकलीच्या शितोळे सरदारांकडून आले. दिंड्यांचा क्रम, चोपदार, विसावे आणि तळ यांची एक घडी बसली. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची वाट केवळ भक्तीने चालून होत नाही. हजारो माणसांच्या पाण्याची, शिध्याची आणि निजण्याची सोय कोणीतरी आधी जाऊन पाहिलेली असते. अभंगात ही सोय दिसत नाही, आणि ती दिसू नये हेच त्या सोयीचे यश आहे.

तिसरे उदाहरण गोडसे भटजींचे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. पुढे १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केलेला त्यांचा 'माझा प्रवास' आपण झाशीच्या राणीसाठी वाचतो. पण पुस्तकाचा कणा चालण्याचा आहे. सोबत कोण मिळाली, वाटेत धोका कुठे आहे, जवळचा पैसा कसा लपवायचा, उतरायला जागा कोण देईल, याची चिंता त्यात सतत आहे. मोठा इतिहास त्यांच्या वाटेत आडवा आला आणि पायी चालणाऱ्या माणसाच्या उंचीवरून त्यांनी तो पाहिला. विसाव्या शतकात इतिहासाचार्य राजवाडे कागदपत्रांच्या शोधात गावोगाव फिरले. गो. नी. दांडेकरांनी नर्मदेच्या परिक्रमेतून 'कुणा एकाची भ्रमणगाथा' आणि किल्ल्यांच्या पायपिटीतून 'दुर्गभ्रमणगाथा' दिली. आपल्या भाषेतील 'मजल', 'मुक्काम', 'कूच', 'तळ', 'शिदोरी' हे शब्द आज रूपक म्हणून सर्रास वापरले जातात. त्यांच्यामागे एकेकाळी मोजलेले अंतर आणि बांधलेली भाकरी होती, याचा आपल्याला विसर पडतो.

आता मूळ प्रसंगाकडे वळू. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा स्वराज्यात आला. विजापूरच्या दरबाराने या मोहिमेवर सिद्दी जौहरची नेमणूक केली. १६६०च्या मार्चपासून पन्हाळ्याला वेढा पडला. राजापूरच्या वखारीतील इंग्रज अधिकारी हेन्री रेव्हिंग्टन तोफ आणि दारूगोळा घेऊन वेढ्यात सामील झाला आणि इंग्रजांनी आपले निशाण लावून गडावर मारा केला. त्याच सुमारास, मे महिन्यात, शाइस्ताखान पुण्यात येऊन बसला होता. म्हणजे स्वराज्य दोन बाजूंनी दाबले गेले होते आणि राजा एका गडावर अडकला होता. पावसाळा सुरू झाला तरी वेढा ढिला पडला नाही. मग तहाची बोलणी, पौर्णिमेची पावसाळी रात्र, पालखीतून निघणे, दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेशात बसलेला शिवा काशीद, घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांच्या मावळ्यांनी दिलेली झुंज, विशाळगडावरून झालेले तोफांचे आवाज, ही मालिका शाळकरी मुलालाही पाठ असते. विशाळगडाच्या पायथ्याशीही सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी यांचा वेढा होता आणि तो मोडूनच गडावर जावे लागले. ही गोष्ट मात्र सांगताना पुष्कळदा घाईने उरकली जाते.

ही मालिका आपल्यापर्यंत कशी आली? लोकमान्य टिळकांनी प्रसिद्धीस आणलेल्या जेधे शकावलीसारख्या साधनात अशा घटना एक-दोन ओळींत संपतात. शकावलीला तिथी हवी असते, प्रसंग नको असतो. कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' हे समकालीन संस्कृत महाकाव्य. त्यात वेढ्याचे वर्णन विस्ताराने येते, पण त्याचा नायक राजा आहे. खिंडीत मागे राहिलेल्यांकडे पाहायला त्या काव्याला फारशी सवड नाही. उत्तरकालीन बखरींनी प्रसंग रंगवला. विसाव्या शतकाच्या आरंभी राष्ट्रीय चळवळीने बाजीप्रभूंना आपला नायक केले. सावरकरांनी पोवाडा लिहिला. अरविंद घोष यांचे 'बाजी प्रभू' हे इंग्रजी दीर्घकाव्य १९१०च्या सुमारास 'कर्मयोगिन्'मधून प्रसिद्ध झाले. पुढे बाबासाहेब पुरंदऱ्यांचे 'राजा शिवछत्रपती', आमच्याच जिल्ह्यातील कोवाडच्या रणजित देसाईंची 'श्रीमान योगी' आणि 'पावनखिंड', आणि २०२२ साली पडद्यावर आलेला 'पावनखिंड' हा चित्रपट, अशी ही साखळी आहे. शकावलीची एक ओळ आणि कादंबरीचे एक प्रकरण यांच्यामधले अंतर कल्पनेने भरले. त्यात गैर काही नाही, साहित्याचे ते कामच आहे. मात्र ते कल्पनेने भरले आहे याची जाणीव अभ्यासकाने सोडता कामा नये.

नियोजन करणारा इथेच उपयोगी पडतो. त्याचा पहिला प्रश्न असतो : निघायचे कधी? बहुतेक मोहिमा १२ आणि १३ जुलैच्या आसपास आखल्या जातात, कारण इतिहासाच्या पुस्तकांत तीच तारीख आहे. परंतु मराठ्यांच्या इतिहासात सतराव्या शतकातील ज्या इंग्रजी तारखा रूढ आहेत, त्या जुन्या ज्युलियन गणनेच्या आहेत. आजच्या कालगणनेत ती रात्र दहा दिवस पुढे, म्हणजे २२ जुलैच्या सुमारास येते. सह्याद्रीच्या पावसात हे दहा दिवस किरकोळ नाहीत. जुलैच्या उत्तरार्धात जमीन पाण्याने तुडुंब झालेली असते, ओढे भरून वाहतात, जांभ्या खडकावर शेवाळ धरलेले असते. ज्याला त्या रात्रीची कल्पना करायची आहे त्याने तारखेपेक्षा तिथीकडे पाहावे. तिथी चंद्र सांगते. पौर्णिमा होती, म्हणजे दाट ढगांआडूनही अंधार अगदी मिट्ट नसावा. चालणाऱ्याला तेवढा उजेड सोयीचा, आणि चौकीवरच्या पहारेकऱ्यालाही तितकाच सोयीचा. कथनात या उजेडाचा उपयोग बहुधा वातावरणनिर्मितीपुरता होतो. नियोजनात मात्र तो दुधारी ठरतो.

दुसरा प्रश्न अंतराचा. पन्हाळ्यापासून विशाळगडापर्यंत डोंगरवाटेने सुमारे साठ-पासष्ट किलोमीटर होतात. परंपरा सांगते की ही मजल साधारण एकवीस तासांत मारली. हिशेब केला तर ताशी तीन किलोमीटर. सपाट रस्त्यावर हा वेग काहीच नाही. पण इथे रात्र आहे, पाऊस आहे, चिखल आहे, पाठलाग आहे आणि खांद्यावर पालखी आहे. आज धडधाकट तरुण हीच वाट दोन-तीन दिवसांत चालतात, तेही मुक्कामी गरम जेवण मिळत असताना. एवढा हिशेब मांडला की पालखीचे भोई आपल्या नजरेसमोर येतात. त्यांनी खांदे किती वेळा बदलले असतील? मोकळ्या अंगाने बरोबर धावणारे, पाळीची वाट पाहणारे किती असतील? कथनात 'पालखी निघाली' एवढ्या दोन शब्दांत जे येते, त्यामागे अंगमेहनतीची मोठी व्यवस्था होती. शिवा काशीदाचे नाव आपल्याला माहीत आहे आणि पन्हाळ्यावर त्याचे स्मारकही आहे. भोयांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

तिसरा प्रश्न वाटेचा. आज चालली जाणारी वाट साधारण अशी आहे. राजदिंडीच्या बाजूने पन्हाळा उतरायचा आणि म्हाळुंगे, तुरुकवाडी करीत मसाई पठारावर चढायचे. हे पठार म्हणजे मैलोगणती पसरलेला जांभ्याचा सडा. पावसात त्यावर जागोजाग डबकी साचतात, धुके उतरले की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि आडोसा म्हणून झाड सापडत नाही. पठार संपले की कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी अशा वाड्या लागतात. बरेच जण करपेवाडीच्या आसपास पहिला मुक्काम करतात. दुसऱ्या दिवशी आंबेवाडी, रिंगेवाडी, पाटेवाडी, म्हाळसवडे-माळेवाडीच्या अंगाने रान, भातखाचरे आणि ओढे ओलांडीत पांढरपाण्याला पोहोचायचे. तिथून पावनखिंड जवळच आहे. पुढे गजापूर आणि मग विशाळगड. याच परिसरात कासारी नदी उगम पावते. ती पुढे प्रयाग चिखलीला कुंभी, तुळशी, भोगावती यांना मिळून पंचगंगा होते. म्हणजे खिंडीत पायाखालून जाणारे पाणी काही दिवसांनी कोल्हापूरच्या घाटाला लागते. वाटेत गेळवड्याजवळ कासारीवर बांधलेल्या धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे. १६६०च्या प्रवासात तो नव्हता, हे चालणाऱ्याने स्वतःला मुद्दाम सांगावे लागते, इतका तो आता या देखाव्यात मुरला आहे.

पण त्या रात्री महाराज नेमक्या याच वाटेने गेले का? पायवाट न पायवाट सांगणारा समकालीन कागद आपल्यापुढे नाही. काही साधनांत गजापूरच्या खिंडीचा किंवा घाटाचा उल्लेख येतो आणि झुंजीची जागा नेमकी कोणती, यावर अभ्यासकांत चर्चा झालेली आहे. आजची वाट ही भूगोल, गावकऱ्यांची सांगी आणि भ्रमंती करणाऱ्यांचा अनुभव यांतून जुळवलेली आहे. ती एका अर्थी संपादित संहिता आहे. हस्तलिखिताचे पाठभेद जुळवून संपादक जसा एक पाठ सिद्ध करतो, तसा हा 'सिद्ध पाठ' आहे. त्याला प्रमाण मानून चालायला हरकत नाही. मात्र पाठ सिद्ध केलेला आहे, सापडलेला नाही, हे तळटीपेसारखे मनात ठेवावे.

इथे स्कॉटलंडशी तुलना उद्‌बोधक ठरेल. आपल्या ऐतिहासिक कादंबरीचे नाते सर वॉल्टर स्कॉटशी जोडले जाते आणि हरिभाऊ आपट्यांवर लिहिताना ते नाव टाळता येत नाही. स्कॉटचे 'द लेडी ऑफ द लेक' हे काव्य १८१० साली प्रसिद्ध झाले आणि वाचकांची रीघ लॉख कॅट्रीन या सरोवराकडे लागली. 'लॉख' हा तिकडचा सरोवरासाठीचा शब्द. काव्य आधी आणि प्रवासी मागून, असा तो क्रम होता. आज तिथे 'वेस्ट हायलँड वे' नावाची सुमारे १५४ किलोमीटरची अधिकृत पायवाट आहे. ग्लासगोजवळून निघून लॉख लोमंडच्या काठाने, रॅनॉक मूरच्या ओसाड पठारावरून आणि ग्लेनकोच्या डोंगरांतून ती फोर्ट विल्यमला पोहोचते. १९८० साली ती खुली झाली. लोक ती साधारण आठवडाभरात चालतात. खुणेचे खांब आहेत, उतरण्याच्या जागा आहेत, नकाशे आहेत. नियोजन करणाऱ्याला हेवा वाटावा अशी सारी व्यवस्था आहे.

परंतु या वाटेचा पूर्वेतिहास वेगळा आहे. तिचे मोठे टप्पे अठराव्या शतकातील लष्करी रस्त्यांवरून जातात. डोंगरी टोळ्यांचे उठाव मोडण्यासाठी, सैन्य आणि तोफा आत नेता याव्यात म्हणून ते रस्ते सरकारने बांधले. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या रणात हरलेला राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट याच डोंगराळ मुलखात आणि बेटांवर पाच महिने लपतछपत फिरला. त्याच्या शिरावर तीस हजार पौंडांचे इनाम होते. फ्लोरा मॅकडोनाल्ड नावाच्या तरुणीने त्याला दासीच्या वेशात समुद्रापार नेले. वेषांतर, पावसाळी वाटा, पाठलाग आणि इमानी माणसे, असा हा सगळा सरंजाम आपल्याला ओळखीचा वाटतो. फरक शेवटात आहे. चार्ल्स फ्रान्सला निसटला आणि त्याची चळवळ संपली. महाराज विशाळगडावर पोहोचले आणि स्वराज्य पुढे गेले. सप्टेंबर १६६० मध्ये पन्हाळा विजापूरकरांना द्यावा लागला, तरी मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने निवडक साठ माणसांनिशी तो परत घेतला. त्या विजयावर जयराम पिंड्ये याने 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान' हे संस्कृत काव्य रचले.

तुलनेतील आणखी एक मुद्दा आजच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. स्कॉटलंडच्या डोंगरांची जी निर्मनुष्य भव्यता प्रवाशाला मोहवते, ती सर्वस्वी निसर्गाची देणगी नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जमीनदारांनी मेंढपाळीच्या फायद्यासाठी तिथली कुळे हुसकावून लावली. गावेच्या गावे उठली, माणसे अमेरिकेला आणि कॅनडाला गेली. सरोवराकाठच्या शांततेत त्या उठलेल्या गावांचाही वाटा आहे. देखावा रिकामा झाल्यावर तो 'देखावा' झाला.

आपली वाट अजून रिकामी नाही, हे तिचे भाग्य आहे. मोहिमेचे दिवस म्हणजे इथे भाताच्या रोपलावणीचे दिवस. चालणारी रांग बांधावरून जाते तेव्हा खाचरात गुडघाभर चिखलात वाकलेली माणसे असतात. धनगरवाडे आहेत, शाळांच्या एक-दोन खोल्या आहेत, पावसात संपर्क तुटणाऱ्या वाड्या आहेत. नियोजन करणाऱ्याला या माणसांशिवाय पाऊल टाकता येत नाही. कोणाच्या घरी भाकरी होईल, कोणाच्या पडवीत चाळीस जण निजतील, ओढ्याला पाणी चढले तर वरच्या अंगाने कोण नेईल, हे त्यांनाच विचारावे लागते. आणि विचारताना आपोआप १६६०चा सर्वांत मोठा गाळलेला प्रश्न समोर येतो. त्या रात्री वाट दाखवणारे कोण होते? कथन हेरांची नावे घेऊन पुढे जाते. पण अनोळखी ओढा रात्री कुठे उतार देतो, हे त्या ओढ्याकाठी गुरे राखणाऱ्यालाच माहीत असते. साधनांत त्याला जागा नाही. वाटेवर मात्र त्याचे वंशज भेटतात, निदान त्याच्यासारखे जगणारे तरी भेटतात.

हे सारे मांडण्याचे कारण एवढेच, की या वाटेला आज दोन बाजूंनी धोका आहे. एक धोका सोयीचा. डांबरी रस्ते वाड्यांपर्यंत आले. गावकऱ्यांसाठी ते आवश्यकच होते. पण हजारोंच्या मोहिमेमागे येणारा प्लास्टिकचा कचरा, पठारावर चढवलेल्या गाड्या आणि ध्वनिक्षेपक यांना ती सबब लागू होत नाही. मसाई पठाराला आता संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशाच्या नावाने बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात पन्हाळा आहे, विशाळगड नाही, आणि दोघांना जोडणारी वाट तर नाहीच. वारसा म्हटले की आपल्याला तट आणि बुरूज दिसतात. पायवाटेला तट नसतो, त्यामुळे ती मोडली तरी कोणाच्या ध्यानात येत नाही.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. १४ जुलै २०२४ रोजी, विशाळगडावरील अतिक्रमणांच्या विरोधातील आंदोलनाच्या दिवशी, गजापुरात जमावाने घरांची, वाहनांची आणि मशिदीची मोडतोड केली. अतिक्रमणाचा प्रश्न कायद्याचा आहे आणि तो कायद्याने सुटावा, याविषयी दुमत नसावे. पण ज्या गावाचे नाव या इतिहासाच्या साधनांत आहे, त्या गावातल्या माणसांना त्याच इतिहासाच्या आठवड्यात भीतीने दारे लावून घ्यावी लागली, ही गोष्ट या वाटेच्या प्रत्येक अभ्यासकाला अस्वस्थ करणारी आहे. इतिहासातून वाटेवरची माणसे गाळली की उरते ते केवळ प्रतीक. प्रतीकासाठी कोणावरही धावून जाता येते. ज्याने त्या गावात पाणी मागितले आहे, पावसात उभे राहायला ज्याला तिथल्या एखाद्या दाराचा आडोसा मिळाला आहे, त्याला ते तितके सोपे जाऊ नये, अशी आशा बाळगता येते. चालण्याने माणूस आपोआप शहाणा होतो असे मुळीच नाही. पण चालणाऱ्याला दुसऱ्याची गरज लागते, आणि गरज लागणे ही शहाणपणाची सुरुवात असू शकते.

मराठीच्या अध्यापकांनी म्हणूनच या वाटेकडे सहल म्हणून न पाहता पाठ म्हणून पाहावे. विद्यार्थ्यांना निघण्यापूर्वी शकावलीची नोंद, 'शिवभारता'तील संबंधित अध्यायाचे भाषांतर आणि कादंबरीतील प्रकरण, असे तीन पाठ एकत्र वाचायला द्यावेत. मग त्यांच्याकडूनच नियोजन करवून घ्यावे : तिथी कोणती, मजल किती, ओझे किती, पाणी कुठे, मुक्काम कोणाच्या आधाराने. तिन्ही पाठांत यांतील कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळते आणि कोणत्याचे मिळत नाही, याची यादी त्यांनी करावी. गट चाळीसपेक्षा मोठा नसावा, म्हणजे वाड्यांवर भार पडत नाही आणि धुक्यात कोणी मागे राहत नाही. मसाई पठार दिवसाउजेडी ओलांडावे. ओढा गढूळ आणि गुडघ्यावर असेल तर थांबावे, वेळापत्रक मोडले तरी चालेल. मुक्कामाच्या गावाला आधी एकदा जाऊन यावे, दर ठरवावा आणि तो चोख द्यावा. वाटेवरच्या वाड्यांची नावे, ओढ्यांची नावे, शेतांची नावे तिथल्या माणसांच्या तोंडून ऐकून लिहून घ्यावीत. नकाशावर ती सगळी सापडत नाहीत आणि बोलणारी पिढी उठली की पुन्हा मिळणारही नाहीत. आपली एक 'स्थानपोथी' अशी आपल्या हातूनही होऊ शकते.

खिंडीत पोहोचल्यावर भाषणे होतात, घोषणा होतात. त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. ज्यांनी तिथे देह ठेवला त्यांची आठवण मोठ्याने काढावीशी वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्याबरोबरच पालखीखालच्या त्या खांद्यांची आणि ओढ्याचा उतार दाखवणाऱ्या त्या हाताचीही आठवण असावी. त्यांचे स्मारक उभारायचे तर नावेच नाहीत. त्यांच्या नावाने एकच करता येते : ती वाट चालती ठेवणे आणि तिच्या काठाने राहणाऱ्यांना ती आपली वाटत राहील, अशा रीतीने चालणे.